बेबीताईंना लागू पडलेला अर्क

१८ नोव्हेंबर, सोमवार

आज पेशी मेल्या. कुणाच्या मरणाचा इतका आनंद मला आजवर झाला नव्हता.

पुण्याहून आणलेल्या स्तनाच्या कर्करोगाच्या या पेशी जगवायला श्रावणीला चार महिने लागले. श्रावणी माझी पीएच.डी.ची विद्यार्थिनी. हुशार आहे, पण शंका फार. संत्र्याच्या सालीत पॉलिफिनॉल नावाची तुरट-कडू द्रव्यं असतात, झाडं ती स्वतःच्या रक्षणासाठी बनवतात. आम्ही साल वाळवून, स्पिरिटमध्ये भिजवून तिचा अर्क काढला आणि पेशींवर घातला. मग रंग टाकला. जिवंत पेशी असतील तिथे रंग जांभळा होतो, मेलेल्या असतील तिथे पिवळाच राहतो. प्लेटवरच्या अर्काच्या ओळीतल्या सगळ्या वाट्या पिवळ्याधमक!

श्रावणी म्हणाली, "मॅडम, नुसतं स्पिरिट घातलेली ओळ आपण ठेवलीच नाही." म्हणजे पेशी सालीने मेल्या की स्पिरिटने, हे कळायला मार्ग नाही. या ओळीला कंट्रोल म्हणतात आणि गेली तीस वर्षं मी ते पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवते आहे. पण पेशी मोजक्याच होत्या, त्या स्पिरिटवर कशाला घालवायच्या? काहीच न घातलेली ओळ जांभळी आली आहे, तेवढं पुरे, असं मी तिला सांगितलं. तिने वहीत काहीतरी लिहिलं. ते मी वाचलं नाही.

२३ नोव्हेंबर, शनिवार. अकोला

पेपरात बातमी आली. 'अमरावतीच्या संत्र्यापुढे कर्करोगाची शरणागती.' मी त्या वार्ताहराला 'प्राथमिक निष्कर्ष' हे शब्द चार वेळा सांगितले होते. त्याने ते एकदाही छापले नाहीत, फोटो मात्र चार कॉलमी छापला. फोटो बरा आला आहे.

रविकांत इथे अकोल्यात वकिली करतात, मी दर शुक्रवारी घरी येते आणि सोमवारी पहाटे परत अमरावतीला जाते. त्यांनी बातमी चष्मा वर करून दोनदा वाचली. म्हणाले, "पेशींचा जबाब नोंदवलास. माणसांचा नोंदवलास का?" मी म्हटलं, संशोधन टप्प्याटप्प्याने होतं. ते म्हणाले, बातमीत टप्पे दिसत नाहीत. वकिलाशी संसार करणं म्हणजे रोजची उलटतपासणी.

बातमीत दुरुस्ती मागावी असं मनात आलं होतं. पण जुन्या शहरातल्या आमच्या गल्लीत तिघांनी थांबवून अभिनंदन केलं, आणि मग ते राहून गेलं.

२६ नोव्हेंबर, मंगळवार

विभागात चांदूर बाजारचे एक बागाईतदार आले होते. नाव सहदेव. संत्रा आणि झेंडू लावतात. सोबत पत्नी बेबीताई आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत दवाखान्याची फाईल. बेबीताईंच्या छातीत गाठ आहे, तपासणीत कर्करोग निघाला. डॉक्टरांनी आधी सहा वेळा केमो आणि मग ऑपरेशन सांगितलं आहे. केमोला सहदेव 'सुया' म्हणतात.

"माह्या भावाले, नत्थुले, सहा सुया सांगतल्या होत्या," ते म्हणाले. "तिसऱ्या सुईले गेला. मी हिले सुया देत नाही. तुमी फक्त सांगा, साल कशी द्याची."

बेबीताई माझ्या टेबलावरच्या कुंडीतली वाळकी पानं खुडत होत्या.

मी काय सांगितलं ते इथे तरी खरं लिहावं. साल उकळून प्यायला हरकत नाही, असं मी स्पष्ट आवाजात सांगितलं. दवाखाना मात्र सोडू नका, हेही सांगितलं, पण ते कपाटातून कागद काढता काढता, पाठ फिरवून. त्यांना ऐकू गेलं की नाही ते ठाऊक नाही. परत विचारायला हवं होतं. तेवढ्यात त्यांनी वाकून नमस्कार केला.

निघताना बेबीताईंनी पहिल्यांदा तोंड उघडलं. त्यांचं माहेर अकोल्याचं, आमच्याच जुन्या शहरातलं. मुलगी रागिणी तिथे मामाकडे राहून नर्सिंग शिकते. मी दर शुक्रवारी गाडीने जाते हे त्यांनी बाहेर शिपायाला विचारून घेतलं होतं. "कवाकवा मले बी नेसान काय मॅडम? यष्टीत धक्के लागतेत." सहदेवनाही ते पटलं. मी होकार दिला. लोकांमध्ये मिसळायला हवंच.

९ डिसेंबर, सोमवार

शुक्रवारी बेबीताईंना अकोल्याला नेलं. जाताना त्या छान बोलत होत्या. झेंडूला कोणत्या महिन्यात भाव येतो, पांढरी माशी कशी ओळखायची. आज पहाटे परत येताना मात्र वेगळीच बाई गाडीत बसल्यासारखी वाटली. चेहरा पांढराफटक, तोंडाला चव नाही म्हणाल्या. मूर्तिजापूरच्या अलीकडे गाडी थांबवायला लावली आणि रस्त्याच्या कडेला बसून उलटी केली.

मी विचारलं, माहेरी काढा घेतलात का? त्या म्हणाल्या, नाही, भुकटी घरीच राहिली.

हे मी लगेच लिहून ठेवलं. काढा बंद, तीन दिवस. परिणाम: अशक्तपणा, मळमळ, उलटी. श्रावणी कंट्रोल कंट्रोल करत असते, तो असा आपल्या पायांनी चालत गाडीत येऊन बसला.

३० डिसेंबर, सोमवार

पुन्हा तेच. शुक्रवारी टवटवीत, सोमवारी गळालेल्या. पुन्हा काढा घरी विसरल्या होत्या. मी थोडं रागावले. औषधाच्या बाबतीत इतका हलगर्जीपणा बरा नव्हे, म्हटलं. "चुकलं मॅडम," म्हणाल्या आणि खिडकीच्या काचेला डोकं टेकवून झोपल्या.

आता त्या पदर डोक्यावरून घट्ट ओढून घेतात, कानावरही केस दिसत नाहीत. देवीला केस वाहिले असावेत. मी विचारलं नाही. कुणाच्या श्रद्धेत मी ढवळाढवळ करत नाही.

२० जानेवारी, सोमवार

तिसरी फेरी. आज बेबीताईंनी मला घरची मेथी आणि एक प्रश्न दिला. "मॅडम, तुमाले खरंच वाटते काय, सालीनं माणूस बरा होते?" मी त्यांना पेशींबद्दल सांगितलं. रंग, वाट्या, जांभळं, पिवळं. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं. शेवटी म्हणाल्या, "बरं हाये. यायच्या हाताले काम भेटलं." म्हणजे सहदेवच्या. ते रोज पहाटे उठून साल कुटतात, गाळतात, पेला घेऊन समोर बसून राहतात. असा रुग्णसेवक सगळ्यांना मिळो.

१० फेब्रुवारी, सोमवार

सहदेवचा फोन. गाठ हाताला निम्मी लागते आहे! आवाज भरून आला होता. मला रडू येईल की काय असं वाटलं, पण मी फक्त "उत्तम, नोंद ठेवा," म्हणाले.

बारा एप्रिलला अमरावतीत राज्यस्तरीय परिषद आहे. त्यात पेशींसोबत एका रुग्णाचा अनुभवही मांडायचं ठरवलं आहे. नाव न घेता. तक्ता तयार केला: तारीख, काढा चालू की बंद, तब्येत. तक्ता इतका स्वच्छ आहे की पाहत राहावं. काढा चालू, तब्येत बरी. अकोल्याला गेल्या, काढा बंद, तब्येत खाली. परत काढा, परत वर. आणि गाठ सतत लहान.

३ मार्च, सोमवार

श्रावणीला तक्ता दाखवला. तिने बोट ठेवून तारखा मोजल्या. मग विचारलं, "मॅडम, या दर एकवीस दिवसांनीच अकोल्याला का जातात?"

मी म्हटलं, माहेरच्या बायकांची भिशी असेल.

ती काहीतरी बोलणार होती. मग म्हणाली, "तुम्ही त्यांनाच एकदा विचारा." विद्यार्थ्यांना आजकाल निष्कर्षांपेक्षा चौकश्यांत जास्त रस.

२७ मार्च, गुरुवार

श्रावणीने मला न विचारता पेशींची नवी प्लेट लावली होती. आज निकाल आणून ठेवला. नुसत्या स्पिरिटची ओळ पिवळी. अर्काच्या ओळीइतकीच पिवळी. आम्ही वापरलं तितकं स्पिरिट पेशींना मारायला एकटंच पुरतं. ते कमी करून अर्क घातला, तर पेशी आरामात जगतात. अर्काचं प्रमाण फार वाढवलं तेव्हा कुठे थोड्या मेल्या. माणसाला तेवढं द्यायचं तर पोतंभर साल रोज खावी लागेल, असा तिने हिशेब केला आहे.

मी तिला स्पिरिटची बाटली जुनी असेल असं म्हटलं. ती नवी होती.

अर्धा तास खोलीचं दार लावून बसले. मग तक्ता काढून पाहिला आणि धीर आला. वाटीतल्या पेशी काहीही म्हणोत, चांदूर बाजारला एक जिवंत बाई आहे आणि तिची गाठ लहान होते आहे. हे तर श्रावणी खोडू शकत नाही.

४ एप्रिल, शुक्रवार. अकोला

आज बेबीताई एकवीस दिवसांच्या आधीच आल्या. गाडीत झेंडूचा विषय नाही. अकोल्यात शिरल्यावर मी नेहमीसारखी जुन्या शहराकडे वळणार, तर त्या म्हणाल्या, "मॅडम, आज थेट दवाखान्यातच उतरवा. मले नेहमी भावाच्या दारात उतरून रिक्षा करा लागते."

कर्करोगाच्या दवाखान्याच्या फाटकासमोर मी गाडी थांबवली. त्या उतरल्या नाहीत. पिशवीतून फाईल काढली. तीच फाईल, पण आता जाड झालेली. सहा तारखा. सहाच्या सहा शनिवार. सहाही वेळा आदल्या संध्याकाळी मी माझ्या गाडीतून, माझं पेट्रोल जाळून, त्यांना केमोला आणून सोडलं होतं. आणि परत नेताना काढा विसरल्याबद्दल रागावले होते.

रागिणीने सगळं जमवलं होतं. योजनेचं कार्ड, तारखा, मामाचं तोंड बंद, आणि केस देवीला वाहिले असं सहदेवना सांगणं. काढा? रोज सकाळी दोन घोट पितात, सहदेवचा चेहरा बघून. बाकीचा चुळीबरोबर मोरीत.

मी विचारलं, मला का नाही सांगितलंत?

"तुमी यायले सांगतलं असतं," त्या शांतपणे म्हणाल्या. "अन् यायनं मले घराबाहेर सोडलं नसतं. तुमी खोटं नाही बोलत, असं हे म्हणतेत."

मी खिडकीबाहेर पाहिलं.

मग त्यांनी मुद्द्याचं सांगितलं. सतरा तारखेला ऑपरेशन. ते माहेरपणात लपत नाही. सहदेव डॉक्टरांचं ऐकणार नाहीत, रागिणीचं नाही, भावाचं नाही. फक्त माझं ऐकतील. "तुमीच म्हणा त्यायले, की सालीनं तिचं काम केलं, आता उरलेलं काढून टाका. तुमच्या तोंडून आलं त हे माह्याआधी गाडीत जाऊन बसतीन."

म्हणजे जे मी पाच महिने खरं समजून मनात घोकत होते, ते आता खोटं म्हणून एकदा मोठ्याने म्हणायचं.

घरी आल्यावर रविकांतना सगळं सांगितलं. वाटलं, हसतील. हसले नाहीत. पाणी आणून दिलं आणि म्हणाले, "बाई तुझ्यापेक्षा चांगली वकील आहे. माझ्यापेक्षाही."

७ एप्रिल, सोमवार

चांदूर बाजारला जाऊन आले. सहदेव बागेत होते. सतरंजी अंथरली, संत्री कापून समोर ठेवली. कुडाला टेकून सालींची तीन सुपं वाळत होती.

मी म्हटलं, गाठ लहान झाली आहे. मी म्हटलं, आता ती काढून टाकायला हवी. मी म्हटलं, सतरा तारीख चांगली आहे, उशीर करू नका. तिन्ही वाक्यं खरी. पहिल्या दोन वाक्यांच्या मध्ये, गाठ कशाने लहान झाली, हे एक वाक्य असायला हवं होतं, ते मी म्हटलं नाही. ते सहदेवनी आपल्या मनाने घातलं, आणि दोन्ही हात जोडले.

"तुमी म्हणता त कापू, मॅडम."

बेबीताई चहा घेऊन आल्या. कप हातात देताना माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

परतताना परिषदेच्या आयोजकांना फोन केला. घसा बसल्यामुळे शोधनिबंध वाचू शकणार नाही, असं कळवलं. हे अगदी खणखणीत आवाजात कळवलं.

१८ एप्रिल, शुक्रवार. अकोला

ऑपरेशन काल झालं, नीट झालं. आज भेटून आले. सहदेव वॉर्डाच्या बाहेर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते की अर्धं काम तर अमरावतीच्या मॅडमनीच केलं होतं, डॉक्टरला फारसं काही उरलंच नव्हतं. सर्जन शेजारून गेले. त्यांनी ऐकलं असावं. मी पर्समध्ये काहीतरी शोधू लागले.

५ मे, सोमवार

सविस्तर लिहिते.

दहा वाजता शिपाई आला, म्हणाला बाहेर माणसं आली आहेत. विभागाच्या पायऱ्यांवर अकरा जण होते. चांदूर बाजारहून सहदेव त्यांना मालाच्या गाडीत घालून घेऊन आले होते. कुणाच्या घशाला गाठ, कुणाची आई अंथरुणाला, आणि प्रत्येकाच्या हातात रिकामी बाटली. बेबीताईही होत्या. नवऱ्याच्या मागे, पदर घट्ट.

सगळ्यांत पुढे आचल नावाची पोर होती. पंचवीस-सव्वीसची असेल, कडेवर वर्षाचं मूल. तिला येत्या गुरुवारची ऑपरेशनची तारीख मिळाली होती. तिने विचारलं, "सहदेवकाका म्हणतेत काढ्यानं गाठ उतरते. मंग मी गुरुवारी नाही गेलो त चालते ना?"

मी बोलायला लागले. सदर संशोधन प्राथमिक अवस्थेत असून प्रयोगशाळेतील निष्कर्ष मानवी शरीरास थेट लागू करता येत नाहीत. असंच बोलले, छापल्यासारखं. लोक माना डोलावत होते. सहदेव कौतुकाने शेजाऱ्याला म्हणाले, "पाहा, एवढा शोध लावला, पण बाईले गर्व नाही." आचलच्या चेहऱ्यावर सुटका झाल्यासारखं हसू आलं. मला ते हसू दिसलं, आणि पुढचं वाक्य सापडेना. तीस वर्षं वर्गात बोलते आहे, आणि एक सरळ वाक्य सापडेना.

तेव्हा बेबीताई पुढे आल्या. पायरीवर चढल्या आणि डोक्यावरचा पदर खाली घेतला. डोक्यावर नखाएवढी करडी लव होती.

"मी सुया घेतल्या," त्या म्हणाल्या. "सहा. अकोल्याले. गाठ सुईनं कमी झाली, काढ्यानं नाही. काढा मी मोरीत टाकत होतो." मग आचलकडे वळून, "तू गुरुवारी जाय. समजलं काय?"

सहदेव पायरीवर बसले. मग विचारलं, "कोणासंग गेली होती?"

बेबीताईंनी माझ्याकडे हात केला. "यायच्याच गाडीत."

अकरा माणसं माझ्याकडे पाहू लागली आणि मला कळलं, पुन्हा तेच होतं आहे. घशाच्या गाठीवाले म्हातारे हात जोडून म्हणाले, "म्हणजे मॅडमनं गुपचूप तिचा इलाज करवला." कुणीतरी दुजोरा दिला. पुन्हा एकदा मी मोठी होऊ लागले होते, या वेळी न बोलता, नुसती उभी राहून.

"मला माहीत नव्हतं," मी म्हटलं. "त्या माझ्या शेजारी बसून उलट्या करत होत्या. केस गेले ते मी पाहिलं. मला कळलं नाही. मला वाटलं, माझा अर्क लागू पडतो आहे."

श्रावणी दारात उभी होती. मी तिच्याकडे पाहिलं नाही.

सहदेवनी वर पाहिलं. "मंग सालीनं काहीच होत नाही काय?"

मी सांगितलं, काचेच्या वाटीत पेशी मेल्या होत्या, पण त्या सालीने नाही, ज्यात साल भिजवली त्या स्पिरिटने. दारूने म्हणा हवं तर.

"दारूनं त आमच्या गावातले बी मरतेत, मॅडम," ते म्हणाले. "त्याले काय शोध म्हणाचं?"

कुणी हसलं नाही. आचलने मूल दुसऱ्या कडेवर घेतलं आणि हातातली बाटली पायरीवर ठेवून दिली. बाकीचे हळूहळू गाडीकडे गेले. दोघांनी बाटल्या सोबतच नेल्या. सगळ्यांना पटलं असं मी लिहिणार नाही.

सहदेव आणि बेबीताई पायरीवरच राहिले. मला वाटलं, आता ते ओरडतील. पाच महिने साल कुटलेली त्यांची बोटं पिवळी पडली होती. तो हात त्यांनी उचलला आणि, सगळ्यांच्या देखत, बायकोच्या डोक्यावरच्या त्या लवेवरून एकदा फिरवला.

"दुखलं काय?" त्यांनी विचारलं.

"लय," त्या म्हणाल्या.

मी आत आले आणि दार लोटून घेतलं.